तळ्याभोवती भक्षकमुक्त कुंपण : मनोरीच्या वाडीतील प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा

मुंबईतील मनोरीला माझ्या मामांची नारळाची वाडी असून तिच्या पश्चिम टोकाला एक जुने तळे आहे. त्यात मऊ पाठीची कासवे आहेत. इंग्रजीत ज्याला फ्लॅपशेल म्हणतात ते हे कासव. मागचे पाय आत घेतल्यावर त्यांच्यावर कातड्याच्या झडपा मिटतात, त्यावरून ते नाव पडले आहे. जागतिक लाल यादीत त्याची नोंद 'असुरक्षित' अशी आहे आणि आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. गेली चार-पाच वर्षे तळ्यात मोठी कासवे दिसतात, परंतु तळहाताहून लहान कासव एकही दिसलेले नाही. दिसतात ती बांधावर उकरलेली बिळे आणि त्यांच्याभोवती सांडलेले गोल, पांढऱ्या, ठिसूळ कवचांचे तुकडे. म्हातारी माणसे उरलेली आणि कित्येक वर्षांत पाळणा न हललेला गाव असावा, तशी या तळ्याची गत झाली आहे.

आज मुहूर्त साधून मोजणी केली. तळे आणि त्याचा बांध मिळून साधारण ११ गुंठे भरले आणि भोवतालची रेषा १३६ मीटर आली. एवढ्या लांबीचे कुंपण घालून आतली जागा भक्षकमुक्त करायची, असा विचार आहे. कल्पना माझी नव्हे. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन शहरात झीलँडिया नावाचे अभयारण्य आहे. तेथे २२५ हेक्टर जागेभोवतीचे ८.६ किलोमीटरचे कुंपण १९९९ मध्ये पुरे झाले आणि आतले उंदीर, मांजरे, स्टोट, पॉसम असे बाहेरून आलेले प्राणी काढून मग स्थानिक पक्षी परत आणले गेले. आमचे काम त्याच्या नखाएवढे आहे. तरीही मुंबईत कोणी असे काही करू पाहत असेल, तर आमच्या चुका त्याच्या उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी ठेवत आहे.

दोन गोष्टी आरंभीच ठरल्या. कासवांना, त्यांच्या अंड्यांना वा पिल्लांना हात लावायचा नाही. अनुसूचीतील प्राणी परवानगीशिवाय हाताळणे हा गुन्हा आहे, म्हणून काम कुंपणापुरतेच ठेवून वनविभागाला लेखी कळवले आहे. दुसरे म्हणजे किनारपट्टीच्या बांधकाम नियमांमुळे पक्क्या भिंतीचा विचार करायचा नाही. खर्चाचा अंदाज १ लाख ८० हजार रुपये आणि मुदत तीन महिने धरली आहे.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

कुंपण कोणाविरुद्ध घालायचे हे कळल्याशिवाय त्याची उंची वा जाळी ठरवता येत नाही. म्हणून प्रत्येकी ९,२०० रुपयांचे दोन कॅमेरा ट्रॅप, म्हणजे हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, आठ रात्री बांधावर लावले. कुत्री पाच रात्री आली. उंदीर आणि घुशी दररोज होत्या. मुंगूस दोनदा दिवसाढवळ्या, घोरपड एकदा, आणि तीन वेगवेगळी मांजरे, त्यांतली एक मामींची मनी. एका चित्रात तिच्या तोंडात सापसुरळी आहे.

मामींना ते चित्र दाखवले. "अरे, ती दूधभात खाऊन बाहेर पडते, तिला शिकारीची गरज काय?" असे त्या म्हणाल्या. भूक आणि शिकार यांचा मांजराच्या बाबतीत फारसा संबंध नसतो, हे समजावताना मी त्यांना न्यूझीलंडमधील स्टीव्हन्स बेटाची हकिगत सांगितली. १८९४ मध्ये तेथे दीपगृह सुरू झाले, त्याबरोबर मांजर आले, आणि जो छोटा पक्षी त्या बेटापुरता उरला होता त्याची जगाला ओळख झाली ती मांजराने धरून आणलेल्या मेलेल्या नमुन्यांवरून. पुढे तो पक्षी उरलाच नाही. मामींनी सगळे ऐकून घेतले आणि "म्हणजे मनीला आता बांधून ठेवू का?" एवढेच विचारले.

मुंगूस आणि घोरपड यांचा प्रश्न याहून अवघड आहे. न्यूझीलंडमध्ये वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणीच नाही. त्यामुळे केसाळ आणि चार पायांचे जे जे दिसेल ते परके, असा सरळ हिशेब तेथे मांडता येतो. आपल्याकडे तो चालत नाही. मुंगूस आणि घोरपड येथलीच आहेत, दोघांनाही कायद्याचे संरक्षण आहे आणि कासवाची अंडी खाणे हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार आहे. तेवढे नुकसान सोसूनच कासवे आजवर टिकली. कुत्री, मांजरे, उंदीर आणि घुशी यांची संख्या मात्र आमच्या उष्ट्याखरकट्यावर आणि वाळत घातलेल्या मासळीच्या उरल्यासुरल्यावर फुगली आहे. म्हणून आमच्यापुरता 'भक्षकमुक्त' या शब्दाचा अर्थ असा ठरला की माणसाने पोसलेले भक्षक बाहेर राहतील. मुंगुसाला आत येऊ देणारे आणि मांजराला अडवणारे कुंपण कसे असते, हे मला अद्याप माहीत नाही.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीत कामगार गावी गेल्याने दोन आठवडे काहीच झाले नाही. त्या मोकळ्या वेळात मी पहिली मोठी चूक करून घेतली.

नागदेवी स्ट्रीटवरून एक इंची वेल्ड मेश जाळीच्या नऊ गुंडाळ्या आणल्या. एक गुंडाळी ३,४५० रुपयांना, एकूण ३१,०५० रुपये. टेम्पो भाईंदर-उत्तनमार्गे वळसा घालून येणार आणि त्याचे वेगळे भाडे पडणार म्हणून मार्वे जेट्टीपर्यंत माल आणून तो बोटीने तीन खेपांत मनोरीला उतरवला. भाडे वाचले, पण पूर्ण दिवस गेला आणि बोटीतल्या प्रवाशांची बोलणी ऐकावी लागली ती वेगळी.

संध्याकाळी मामांनी स्वयंपाकघरातल्या पिंजऱ्यात सापडलेला एक लहान उंदीर आणला, जाळीचा तुकडा डब्याच्या तोंडावर बांधला आणि उंदीर आत सोडला. मिनिटभरात तो एका घरातून डोके घालून बाहेर पडला. उंदराचे डोके जेथून जाते तेथून त्याचे अंगही जाते. पूर्ण वाढलेला उंदीर एक इंची जाळीत अडेलही, परंतु पिल्ले अडत नाहीत, आणि आत शिरलेली पिल्ले महिन्या-दीड महिन्यात मोठी होतात. हा प्रयोग खरेदीच्या आधी करायचा असतो.

दुकानदाराने माल परत घेतला नाही. गोराईतल्या एका कोंबडीपालकाला तो १८,००० रुपयांना विकला; तोटा १३,०५० रुपये. मग अर्धा इंची जाळीच्या १८ गुंडाळ्या, प्रत्येकी ५,६०० रुपये दराने घेतल्या. या वेळी आणखी एक गोष्ट पाहून घेतली. बाजारात तार आधी जस्ताळून मग वेल्डिंग केलेली जाळी मिळते आणि आधी वेल्डिंग करून मग जस्ताळलेलीही मिळते. पहिलीत प्रत्येक सांध्यावरचे जस्त जळालेले असते आणि खाऱ्या हवेत गंज तेथूनच धरतो. दुसरी महाग पडते. तिच्या सांध्यांवर जस्ताचे छोटे गोळे साचलेले हाताला लागतात. समुद्रापासून एवढ्या जवळ पहिली घेणे म्हणजे दोन-तीन पावसाळ्यांनंतर पुन्हा तेवढाच खर्च करणे होय.

१ डिसेंबर २०२४, रविवार

दीड इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचे नऊ फुटी ५५ खांब, अडीच मीटर अंतराने. खर्च ४८,४०० रुपये. जमीन रेताड असल्यामुळे दोन फूट खड्डा खणला की कडा ढासळून तो दीड फुटांवर येत होता. पहिले अकरा खांब तसेच उभे केले आणि चार दिवसांत त्यांतले सहा कलले. उपाय मामेभावाने काढला: तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे तळ कापून खड्ड्यात बसवायचे आणि त्यात काँक्रीट ओतायचे. डबे गोळा करण्यात तीन दिवस गेले. त्यात २० तारखेला विधानसभेचे मतदान आले आणि कामगारांनी मतदानाला जोडून आणखी दोन दिवस रजा घेतली.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

आजची नोंद लिहिताना लाज वाटते, पण ती वगळली तर या नोंदींना अर्थ राहणार नाही.

दक्षिणेकडच्या ३० मीटरांची जाळी लावायची राहिली होती. तोवर कुत्री येऊ नयेत म्हणून मी तेथे मासेमारीचे जुने नायलॉनचे जाळे ताणून बांधले. काल सकाळी त्यात एक धामण अडकलेली सापडली. जितकी ती पुढे सरके तितके धागे खवल्यांखाली रुतत होते. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. प्रशिक्षित सर्पमित्र आले आणि त्यांनी पाऊण तास एकेक धागा कापून तिला मोकळे केले. जखमा वरवरच्या होत्या, म्हणून तिला जवळच सोडले. धामण हा या वाडीतला उंदरांचा सर्वांत मोठा शत्रू आहे. म्हणजे ज्या कामासाठी मी हजारो रुपये घालत होतो तेच काम फुकट करणाऱ्याला मी फास लावला होता. नायलॉनचे जाळे तात्पुरते म्हणूनसुद्धा लावू नये. अर्धा इंची ताठ जाळीत मोठा साप शिरण्याचा प्रयत्न करत नाही. लहान साप सहज पार होतात.

१९ जानेवारी २०२५, रविवार

कुंपण मिटले. नऊ गुंडाळ्यांची एक रांग १३५ मीटर भरते. उरलेला एक मीटर दाराचा. अशा दोन रांगा एकीवर एक शिवल्या आहेत.

खालच्या रांगेचा १६ इंचांचा भाग बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवून जमिनीवर अंथरला, खिळ्यांनी ठोकला आणि वर माती घातली. जाळी खोल पुरण्यापेक्षा हे स्वस्त आणि अधिक परिणामकारक आहे. कुत्रा किंवा घूस उकरायला लागते ती नेहमी कुंपणाच्या अगदी मुळाशी. तेथे नखाला जाळी लागते, आणि दीड फूट मागे सरकून तेथून उकरावे हे त्यांना सुचत नाही.

वरची कड मुद्दाम ढिली ठेवली आहे. दोन फुटी हलकी जाळी बाहेरच्या बाजूला कमानीसारखी झुकवली असून तिला मधल्या तारांखेरीज आधार नाही. मांजर जाळीला नखे रोवून वर चढते, परंतु कमानीवर पंजा टाकताच ती त्याच्या वजनाने खाली वाकते आणि मांजराला पाठीवर लटकल्यासारखे होते. ऑस्ट्रेलियातील कोरड्या प्रदेशांतल्या भक्षकमुक्त क्षेत्रांत मांजरे आणि कोल्हे यांच्यासाठी हीच युक्ती वापरतात. ताठ कड केली तर मांजर तिच्यावर सुखाने बसते.

परीक्षा मनीकडून घेतली. आत सुके बोंबील टांगले. तिने तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा धप्पकन खाली आली आणि चौथ्यांदा आमच्याकडे पाठ करून अंग चाटत बसली. मामींनी तिला तेच बोंबील उचलून दिले.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आनंद पंधरा दिवस टिकला. कॅमेऱ्यात एक उंदीर जाळीवरून चढून, कमानीच्या खालच्या बाजूने उलटा चालत, कडेवरून आत उतरताना स्पष्ट दिसला. कमान वाकायला वजन लागते आणि उंदराला ते नसते. झीलँडियाच्या कुंपणावर गुळगुळीत पत्र्याची टोपी आहे हे मी वाचलेले होते. ती पावसासाठी असावी असे समजून मी सोडून दिली होती, याहून मूर्खपणा नाही.

टोपीचे भाव काढले तर एकूण अंदाजपत्रकाच्या निम्मे होत होते. मामा सगळे ऐकत होते. ते म्हणाले, "नारळाला पत्रा मारतो तसा कुंपणाला मार की." नारळाच्या खोडाला उंदरांसाठी गुळगुळीत पत्र्याचा पट्टा मारण्याची पद्धत जुनी आहे आणि मी लहानपणापासून ते पट्टे पाहत आलो आहे. जमिनीपासून तीन फुटांवर, बाहेरच्या अंगाने, दीड फूट रुंदीचा पत्रा सबंध कुंपणाला मारायचा: उंदीर जाळीवरून पत्र्यापर्यंत येतो, पुढे नख रोवायला जागा मिळत नाही, आणि उभ्या जाळीवरून त्याला उडी घेता येत नाही. पत्रा ओलांडून उडी घेईल ते मांजर, त्याच्यासाठी वरची कमान आहेच.

पत्र्याला २०,४०० रुपये लागले. रात्री वाऱ्याने तो एवढा वाजू लागला की मामींनी दुसऱ्याच दिवशी निर्वाणीचा इशारा दिला; सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून प्रत्येक बोल्टखाली घातल्यावर आवाज थांबला. कुंपणाजवळच्या सात माडांनाही पट्टे मारले. माडावरून पडलेली झावळी कुंपणावर आडवी राहिली की ती शिडीच होते, म्हणून वारा झाला की फेरी मारणे आले.

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

आत अडकलेले उंदीर काढण्याचे काम चालू आहे. विषाच्या वड्या दुकानात सहज मिळतात, पण त्या वापरल्या नाहीत. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर गव्हाणी घुबड किंवा धामण खाते आणि तेच विष पुढे सरकते. बारा चाप लाकडी खोक्यांत ठेवले, म्हणजे पक्ष्यांचे पाय त्यांत सापडत नाहीत. आमिष म्हणून सुके बोंबील लावले तर ते खेकड्यांनीच पळवले. भाजलेले खोबरे लावल्यापासून उंदीर सापडू लागले. पाच आठवड्यांत ४१ उंदीर आणि ९ घुशी. शेवटच्या दहा रात्रींत एकही नाही.

चाप रिकामा राहिला म्हणजे उंदीर संपले असे होत नाही. चापाला बिचकणारे शहाणे उंदीर असतात. म्हणून फळकुटांवर रांगोळी चाळून ती बांधावर ठेवतो आणि सकाळी ठसे वाचतो. आधी तांदळाचे पीठ वापरले होते, त्याला मुंग्या लागल्या. आज फळीवर खेकड्याच्या रेघा आणि बेडकाचे ठसे आहेत.

कुत्र्यांबाबत एक खुलासा. ती पकडून दुसरीकडे सोडणे कायद्यात बसत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्यांना मूळ जागीच सोडावे लागते. वाडीभोवतीच्या पाच कुत्र्यांचे ते करून घेतले. ती आता दाराबाहेर झोपतात आणि परक्या कुत्र्यांना हाकलतात.

६ एप्रिल २०२५, रविवार

तळ्याचे पाणी उतरले आहे. काल रात्री विजेरीने कासवे मोजत असताना पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन, तोंड उघडून हवा गिळणारे मिशाळ मासे दिसले. शेजारच्या कोळी दादांनी पाग टाकला आणि पहिल्याच फेकीत अडीच किलोचा मासा वर आला. "हा आपला मांगूर नव्हे, हा थाय," ते म्हणाले.

'थाय' म्हणतात तो हा आफ्रिकी मांगूर. अतिशय खादाड, हवेतून श्वास घेऊ शकणारा, चिखलात तग धरणारा, आणि ओल्या रात्री जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाणारा मासा. त्याच्या पालनावर आपल्याकडे २००० सालापासून बंदी आहे. आम्ही त्याचे पोट फाडून पाहिले: खेकड्याचे तुकडे, बेडकाचे पाय, एका लहान माशाचा सांगाडा. कासवाचे पिल्लू सापडले नाही, पण चार सेंटीमीटरचे पिल्लू या तोंडातून वाचेल असे मानणे कठीण आहे. तो तळ्यात आला कसा, हे मामांनी बराच वेळ गप्प राहून सांगितले. काही वर्षांपूर्वी एका फेरीवाल्याकडून त्यांनी मांगुराची पिल्ले म्हणून शंभर बोटुकली घेऊन तळ्यात सोडली होती.

सहा महिने आणि दोन लाखांहून अधिक रुपये आम्ही जमिनीवरच्या शत्रूसाठी घातले आणि एक शत्रू आत बंद करून कुंपण मिटवले. पुन्हा कोणी असे काम करणार असेल तर त्याने कॅमेरा लावण्याआधी पाण्यात पाग टाकावा.

४ मे २०२५, रविवार

तळे पूर्ण उपसणे सोपे होते, पण उन्हाळ्यात ही कासवे चिखलात गाडून घेऊन पडून राहतात. पंप कोरडा पडेपर्यंत चालवला असता तर ती उन्हात उघडी पडली असती. म्हणून वनरक्षकांच्या उपस्थितीत पाणी गुडघाभर ठेवून, दोन दिवस चार जणांनी पागाने आणि हातांनी मासे काढले. चौदा आफ्रिकी मांगूर निघाले, सर्वांत मोठा ४.२ किलोचा, शिवाय चिलापीचे दोन घमेले. जाळ्यात आलेली तीन कासवे वनरक्षकांनी स्वतः मोकळी केली. मासे खायला मामींनी साफ नकार दिला, त्यामुळे ते माडांच्या आळ्यांत पुरले. चौदात सगळे आले असे मला वाटत नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उतरावे लागेल.

२७ मे २०२५, मंगळवार

मुंबईत मोसमी पावसाची नेहमीची तारीख ११ जून. त्या हिशेबाने पाण्याच्या निचऱ्याचे काम आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यावर ठेवले होते. काल, २६ मे रोजी, पाऊस मुंबईत दाखल झाल्याचे हवामान विभागाने जाहीर केले. आजवरच्या नोंदींत तो इतक्या लवकर कधी आलेला नाही.

अर्धा इंची जाळीचा दोष काल कळला. तळे भरून पश्चिमेकडून वाहू लागले, पाण्याबरोबर आलेला पाला जाळीला आतून चिकटला आणि बघता बघता कुंपणाचे धरण झाले. रात्री दोनला नऊ मीटरचा भाग खांबांसह बाहेर कलला. सकाळी मामेभाऊ आणि मी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून फावड्याने पाला ओढत होतो आणि मोडलेल्या भागातून कुत्री आत पाहत उभी होती.

२२ जून २०२५, रविवार

दुरुस्तीला १६,७०० रुपये आणि चार रविवार लागले. पश्चिमेला तीन ठिकाणी दोन फूट रुंद झडपा बसवल्या आहेत. लोखंडी चौकटीत तीच जाळी, वरच्या बाजूला बिजागऱ्या. आतून पाणी रेटले की झडप बाहेर उघडते आणि पाणी ओसरले की आपल्या वजनाने मिटते. बाहेरच्या प्राण्याला ती ढकलून उघडत नाही, ओढावी लागते. बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्यात. पहिल्या साध्या होत्या, त्या तीन आठवड्यांत गंजून अडकल्या. दरम्यान रांगोळीवर उंदरांचे ठसे परत आले, त्यामुळे चाप पुन्हा मांडले आहेत.

पावसात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. एक मोठे कासव सकाळभर कुंपणाच्या आतल्या कडेने फेऱ्या मारत होते. पावसाळ्यात ही कासवे एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जमिनीवरून जातात, हे मला ठाऊक होते आणि आराखड्यात मी त्याची कोठेही सोय केली नव्हती. ज्याच्या रक्षणासाठी कुंपण घातले त्याला ते तुरुंग होऊ लागले तर काय उपयोग? कासव जाईल एवढे भोक मांजरालाही पुरते. तूर्त जोराचा पाऊस असेल त्या दिवशी सकाळी दोन तास दार उघडे ठेवतो आणि कोणीतरी छत्री घेऊन तेथे बसते. बहुतेक वेळा मामी बसतात, मनीला मांडीवर घेऊन.

२७ जुलै २०२५, रविवार

विशेष काही नाही. पत्र्याच्या दोन बोल्टना गंज, एक झावळी कुंपणावर. रांगोळी ओली होते, म्हणून फळ्यांवर कौले टेकवली आहेत.

२१ सप्टेंबर २०२५, रविवार

गेल्या दहा-बारा दिवसांचे फोटो आज पाहिले. ११ तारखेच्या आणि १६ तारखेच्या रात्री मादी बांधावर चढून मागच्या पायांनी खड्डा करताना दिसते. दोन घरटी. दोन्ही जागा दुरून काठ्या रोवून खुणावल्या, जवळ गेलो नाही.

१९ तारखेला भर दुपारी मुंगूस आत आहे. मधल्या झडपेत नारळाची सोडणे (वरची साले) अडकून ती चार बोटे उघडी राहिली होती, तेथून ते आले. पुढच्या सहा फोटोंत ते पहिले घरटे उकरते, अंडे पुढच्या पायांत धरते, फोडते, खाते. सातव्या फोटोत खड्डा रिकामा आहे. दुसऱ्या घरट्याकडे ते गेले नाही.

मामा संतापले. वर्षभर घाम गाळून पहिली अंडी मुंगुसाला खाऊ घालायची का, असा त्यांचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये मुंगूस येथलेच म्हणून त्याला आपण शत्रू मानायचे नाही, असे ठरवणारा मी होतो. पण तेव्हा त्याने काही खाल्लेले मी पाहिले नव्हते. तरीही माझे मत बदललेले नाही. पूर्वी एकही घरटे वाचत नव्हते, कारण कुत्रे, मांजर, घूस आणि मुंगूस हे सगळे एकाच बांधावर तुटून पडत होते. आता दोनांतले एक शाबूत आहे. झडपेतून मुंगूस आले त्याच वाटेने उंदीर येऊ शकतो, म्हणून सोडणे अडकू नयेत यासाठी झडपांच्या आधी आतल्या बाजूला बांबूची चाळण बसवायची, यावर मात्र आमचे एकमत आहे.

आजवरचा खर्च ३ लाख १७ हजार ८५० रुपये, म्हणजे मीटरला सुमारे २,३४० रुपये. त्यात मजुरी ६२,००० आणि वाहतूक ११,५००. तीन महिन्यांच्या कामाला आठ महिने लागले. अंडी घातल्यापासून पिल्ले बाहेर पडायला या कासवांना कित्येक महिने लागतात, तेव्हा दुसऱ्या घरट्याचे काय झाले हे पुढच्या पावसापर्यंत कळणार नाही. मामांनी त्या घरट्यावर काट्यांची फांदी टाकण्यासाठी दोनदा बाभळ तोडून आणली आणि दोन्ही वेळा ती बांधाबाहेरच ठेवून ते परत गेले. फांद्या अजून तेथेच आहेत.